बालआघाताची पूर्वकथा (चित्रपट)

प्रौढ पात्राचा स्वभाव, सूड किंवा गुन्हेगारी यांचे मूळ बालपणातल्या एकाच भीषण प्रसंगात दाखवण्याची पटकथेतील युक्ती. आई-वडिलांचा खून, भावंडांची ताटातूट, बापाची चारचौघांतली बेअब्रू हे तिचे ठरलेले साचे. हिंदी मसालापट आणि हॉलिवूडचे सुपरहिरोपट या दोहोंत ती इतकी वापरली गेली की लहान मूल दाराच्या फटीतून पाहताना दिसले, की पुढचे प्रेक्षक स्वतःच सांगू शकतो.

युक्तीची जुळणी सोपी असते. एक प्रसंग, त्याला साक्षी असलेले असहाय मूल, मनात रुतणारी एखादी खूण, मोठेपणी ती खूण पुन्हा समोर येण्याचा क्षण आणि शेवटी हिशेब. यांतली खूण सर्वांत महत्त्वाची. ‘जंजीर’मध्ये (१९७३, पटकथा सलीम-जावेद) दिवाळीच्या रात्री, फटाक्यांच्या आवाजात, लहानग्या विजयच्या आई-वडिलांचा खून होतो. कपाटात लपलेल्या मुलाला मारेकऱ्याचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो त्याच्या मनगटातल्या साखळीला लटकणारा पांढरा घोडा. पुढे तोच घोडा स्वप्नात येऊन इन्स्पेक्टर विजयला दचकवून उठवतो. हे स्वप्न एकाच वेळी स्वभावही सांगते आणि तपासाचा धागाही राखून ठेवते. खुन्याचा चेहरा आधीच दिसला असता, तर स्वप्न नुसती सजावट ठरले असते. त्याच वर्षीच्या ‘यादों की बारात’मध्ये ही खूण खलनायकाच्या पायांत आहे: एक बूट आठ नंबरचा, दुसरा नऊ नंबरचा.

‘दीवार’ (१९७५) याहून अवघड काम करतो. नायक विजयच्या हातावर लहानपणी गोंदलेले ‘मेरा बाप चोर है’ पुसता येत नाही. कबुलीजबाबावर सही करायला धाकटा भाऊ सांगतो, तेव्हा विजय आधी हे गोंदणाऱ्याची सही मागतो, म्हणजे जुनी जखम थेट चालू भांडणात उतरते. शिवाय त्याच फुटपाथवर वाढलेला हा धाकटा भाऊ, रवी, पोलीस अधिकारी होतो. एकाच बालपणातून दोन माणसे निघाल्यामुळे ‘आघात झाला म्हणून गुन्हेगार’ हे समीकरण पटकथेनेच मोडले आहे. नंतरच्या नकलांनी गोंदण उचलले, भाऊ सोडून दिला.

‘अग्निपथ’मध्ये (१९९०) मास्तर वडिलांची बदनामी आणि जमावाकडून झालेली हत्या रायगड जिल्ह्यातल्या मांडव्याशी बांधली आहे. इथे खुणेची जागा गावच घेते, कारण नायकाला ते परत हवे असते.

हॉलिवूडमध्ये या युक्तीला मनोविश्लेषणाचा आधार मिळाला. हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’मध्ये (१९४५) पांढऱ्यावरच्या काळ्या रेषा पाहून नायक बिथरतो, बालपणी आपल्या हातून भाऊ अपघाताने मेला, हे आठवताच अपराधगंड सुटतो. ‘आठवले की बरे झाले’ हा सोयीचा गैरसमज इथूनच मुरला. बॅटमॅनच्या आई-वडिलांचा खून कॉमिकमध्ये १९३९ साली आला आणि तेव्हापासून पडद्यावर अनेकदा झाला. १९८९ च्या चित्रपटात तर खुनी म्हणून तरुणपणीचा जोकर, म्हणजे बॅटमॅनचा खलनायकच दाखवला. नायक-खलनायकाचे खाते जुळले, पण शहरातल्या निनावी गुन्हेगारीची भीती गेली.

दिग्दर्शक सिडनी लुमेट आणि लेखक पॅडी चायेफ्स्की अशा खुलाशांना थट्टेने ‘रबरी बदक’ म्हणत: लहानपणी कोणीतरी खेळण्यातले बदक हिसकावले, म्हणून हा मोठेपणी माथेफिरू खुनी झाला. खलनायकांच्या बाबतीत ही थट्टा फार खरी ठरते. ‘हॅनिबल रायझिंग’ने (२००७) खलनायक हॅनिबल लेक्टरच्या नरभक्षणाला बहिणीच्या मृत्यूचे कारण दिले आणि त्याची दहशतच ओसरली. याउलट ‘द डार्क नाइट’मधला (२००८) जोकर आपल्या व्रणांची गोष्ट एकदा दारुड्या बापाच्या नावावर सांगतो, एकदा कर्जबाजारी बायकोच्या. दोन्ही ऐकल्यावर हाती काहीच उरत नाही, म्हणून तो भिववतो.

बिघाड बहुधा ठरावीक ठिकाणी होतो. पूर्वकथा मध्यंतरानंतर, पात्र आवडेनासे झाल्यावर, सहानुभूतीची उसनवारी म्हणून येते. तेच दृश्य तीन-चारदा जसेच्या तसे दाखवले जाते, नवी माहिती न देता. आई किंवा बहीण मरण्यापुरतीच कथेत असते. मानसशास्त्राच्या बाजूनेही गणित चुकते. आघातातून गेलेली बहुसंख्य मुले हिंसक होत नाहीत; आठवण पुष्कळदा तुटक असते, सलग चित्रफितीसारखी नव्हे. बालपणातील प्रतिकूल अनुभवांवरच्या १९९८ च्या गाजलेल्या अमेरिकन अभ्यासाचा भर एका रात्रीवर नव्हता: अशा अनुभवांचे प्रकार जितके अधिक, तितका मोठेपणीच्या आजारांचा धोका अधिक, असे त्यात दिसले. रोजची उपासमार किंवा घरातली मारहाण मात्र पडद्यावर अवघड, कारण तिला एक खलनायक नसतो आणि क्लायमॅक्सही नसतो.

पटकथा तपासताना साधी कसोटी लागू पडते. फ्लॅशबॅक काढून टाकावा आणि पात्राचा एखादा निर्णय बदलतो का, ते पाहावे. ‘जंजीर’मधून घोडा काढला तर शेवट उभाच राहत नाही. ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’ (२०१७) आणि ‘द बॅटमॅन’ (२०२२) यांनी अनुक्रमे स्पायडर-मॅनच्या बेनकाकांचा मृत्यू आणि बॅटमॅनच्या आई-वडिलांचा, म्हणजे वेन दांपत्याचा, खून पडद्यावर दाखवलाच नाही, दोन्ही चित्रपटांत त्यावाचून काही अडले नाही.