जॉन स्पीडचा केंब्रिजशायर : नकाशा घेण्याआधी आणि घेतल्यावर

आमच्या दुकानात इंग्लंडच्या काउंट्यांचे (म्हणजे जिल्ह्यांचे) जुने नकाशे बघायला येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी केंब्रिजशायर मागतात. कुणाची मुलगी तिथे शिकत असते, कुणी स्वतः शिकून आलेलं असतं. नकाशा टेबलावर उलगडला की दरवेळी जे सांगावंसं वाटतं, ते इथे लिहून दिलं आहे.

जॉन स्पीड मूळचा शिंपी. इतिहासाच्या आवडीपायी तो नकाशांकडे वळला आणि १६११-१२ साली ब्रिटनच्या काउंट्यांचा त्याचा मोठा अॅटलास लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या केंब्रिजशायरच्या ताम्रपटावर, म्हणजे छपाईसाठी कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावर, १६१० साल आहे. पट कोरला अॅम्स्टरडॅमच्या योडोकस होंडियसने. मोजणीची बरीचशी मेहनत मात्र ख्रिस्तोफर सॅक्सटनची. सॅक्सटनने १५७६ मध्ये केंब्रिज, हंटिंग्डन, बेडफर्ड, नॉर्दॅम्प्टन आणि रटलंड या पाच काउंट्या एकाच कागदावर बसवल्या होत्या. स्पीडने केंब्रिजशायरला स्वतंत्र पान दिलं, काउंटीचे ‘हंड्रेड’ नावाचे विभाग आखले, कोपऱ्यात केंब्रिज गावाचा आराखडा घातला. कडेने कॉलेजांची मानचिन्हं आणि झगे घातलेले चार विद्वान उभे केले. रँग्लर परांजपे १८९९ साली ज्या सेंट जॉन्स कॉलेजातून सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत पहिले) झाले, त्या कॉलेजाचं चिन्हही त्यांत आहे. मराठी घरांतून आलेली माणसं ते हटकून शोधतात.

आमचा आग्रह असतो, की चिन्हं बघून झाल्यावर नजर उत्तरेकडे न्यावी. तिथे फेन्स आहेत. स्पीडच्या काळी हा मुलूख पाणथळ होता : लव्हाळे, मासे, ईल, पाणपक्षी आणि मधूनमधून कोरड्या उंचवट्यांवरची गावं. इली हे कॅथीड्रलचं गाव अशाच एका उंचवट्यावर आहे, म्हणून त्या भागाला आजही ‘इलीचं बेट’ म्हणतात. नकाशा छापल्यावर वीसेक वर्षांनी अर्ल ऑफ बेडफर्ड आणि त्याच्या भागीदारांनी पैसा घातला आणि डच अभियंता कॉर्नेलियस व्हर्मायडन याने पाणी काढायला घेतलं. ओल्ड बेडफर्ड नदी म्हणून ओळखला जाणारा सुमारे ३४ किलोमीटरचा जवळजवळ सरळ कालवा १६३७ पर्यंत झाला, आणि त्याला समांतर दुसरा १६५१ मध्ये. दुसऱ्या खेपेच्या कामावर डनबारच्या लढाईत पकडलेले स्कॉटिश कैदीही राबवले गेले. मासेमारी आणि गवतावर जगणाऱ्या स्थानिकांनी विरोध केला, बांध फोडले. तरी काम पुढे गेलंच.

पुढे जे घडलं ते आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. पाणी निघाल्यावर तिथली पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती सुकली, आक्रसली आणि हवेशी संयोग होऊन झिजत गेली. जमीन खाली बसली आणि नद्या शेतांपेक्षा उंचावर राहिल्या. मग पाणी उपसायला पवनचक्क्या आल्या, त्यांच्यानंतर वाफेची इंजिनं. आज पंप आहेत. शेजारच्या हंटिंग्डनशायरमधलं व्हिटलसी मियर हे मोठं तळं १८५१ मध्ये उपसलं, तेव्हा होम फेन इथे जमिनीच्या पातळीपर्यंत एक खांब पुरला होता. आज तो सुमारे चार मीटर उघडा पडला आहे. स्पीडचा कागद त्याआधीचा मुलूख दाखवतो. आमच्या मते त्याची खरी किंमत यातच आहे.

ऐपत असेल तर हंटिंग्डनशायरचा नकाशा जोडीने घ्या. इली केंब्रिजशायरकडे असली तरी तिचा आराखडा स्पीडने हंटिंग्डनच्या पानावर छापला आहे. फोनवरच्या नकाशाशी सीमा ताडून पाहणाऱ्यांनी गोंधळू नये : १९७४ मध्ये हंटिंग्डनशायर केंब्रिजशायरमध्ये विलीन झाली. रस्तेही शोधू नका. स्पीडच्या मूळ आवृत्त्यांत ते नाहीतच. गावांना जोडणाऱ्या रस्त्यांचे नकाशे जॉन ओगिल्बीने १६७५ मध्ये आणले.

खरा की नक्कल?

कागद उजेडासमोर धरा. जुन्या हातकागदात जाळीच्या समांतर रेघा दिसतात. छापाच्या चौफेर ताम्रपट दाबल्याची खोलगट कड बोटाला लागते. अॅटलासमधून निघालेल्या पानाला मधोमध घडी असते आणि पाठीवर बहुधा इंग्रजी मजकूर असतो. १६१६ च्या आवृत्तीत तो लॅटिन आहे. भिंगाखाली रंगाचे एकसारखे ठिपके दिसले, तर ती आधुनिक छपाई. तळाशी विक्रेत्याचं नाव वाचा : सडबरी आणि हंबल असेल तर छाप सुरुवातीचा, बॅसेट आणि चिझवेल असेल तर १६७६ चा. हे पट अठराव्या शतकातही छापले जात होते, त्यामुळे ‘स्पीडचा नकाशा’ एवढ्यावरून वय ठरत नाही.

हिरवा रंग पाठीमागे तपकिरी होऊन उमटला असेल, तर तो तांब्यापासून केलेला जुना रंग. त्याने कागद ठिसूळ होतो, म्हणून तिथे घडी घालू नका.

आपल्या हवेत

कोकणातला किंवा मुंबईचा पावसाळा या कागदाला मानवत नाही. ओल येणाऱ्या भिंतीवर तो लावू नका. फ्रेममध्ये काच कागदाला टेकू देऊ नका, पाठीला आम्लरहित पुठ्ठा घाला, आणि पाऊस संपला की बुरशी किंवा कसर लागली आहे का ते पाहा. थेट ऊन टाळा. लॅमिनेशन आणि सेलोटेप तर कधीच नको. सेलोटेपचा डाग काढणं आम्हालाही अनेकदा जमत नाही.

प्रत्येक नकाशाच्या बिलावर आम्ही आवृत्ती, रंग जुना की नंतरचा, आणि केलेली दुरुस्ती लिहून देतो. बिल होण्याआधी नकाशा फ्रेमबाहेर काढून मागून-पुढून दाखवायला सांगा.