‘झुरळ मरलं’ म्हणणाऱ्या मुलाचं व्याकरण

चार वर्षांचं पोर ओरडत येतं, ‘‘आजी, झुरळ मरलं!’’ घरातले हसतात, कुणीतरी ‘मरलं नाही रे, मेलं’ म्हणतं आणि विषय तिथेच संपतो. पण हे ‘मरलं’ त्याने ऐकलं कुठे? घरात तर तसं कुणीच बोलत नाही. धर-धरलं, भर-भरलं, चर-चरलं ही रांग त्याने आपली आपण लावली आणि ‘मर’लाही तिच्यात बसवलं. ‘मी चित्र करलं’ हेही त्यातलंच. नियम हाती लागल्याशिवाय अशी चूक करताच येत नाही.

अमेरिकेत जीन बर्को यांनी १९५८ साली हे फार सुंदर रीतीने तपासलं. त्यांनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याचं नाव ‘वग’ ठेवलं आणि मग तसे दोन प्राणी दाखवून वाक्य पुरं करायला सांगितलं. हा शब्द मुलांनी जन्मात ऐकलेला नव्हता, तरी बहुतेकांनी त्याचं अनेकवचन बरोबर केलं. मराठीत हा खेळ आणखी रंगतो. कागदावर एक विचित्र प्राणी काढा. हा गबडा. आता हे दोन...? ‘गबडे’ असं उत्तर आलं, की विचारा, माशी कुठे बसली? पोर ‘गबड्यावर’ म्हणालं, तर ‘सामान्यरूप’ (प्रत्यय लागताना नामाचं बदलणारं रूप, जसं ‘गबडा’चं ‘गबड्या’) हा शब्द कानावर पडण्याआधीच त्याला सामान्यरूप येतं.

याहून अवघड गोष्ट तर आपल्या लक्षातही येत नाही. छोटी मुलगी ‘मी झोपले’ म्हणते, पण ‘मी आंबा खाल्ला’ म्हणते आणि पोळी असेल तर ‘खाल्ली’. झोपताना क्रियापद तिच्याकडे बघतं, खाताना आंब्याकडे. दादाचं नाव आलं की ‘दादाने’ होतं, ‘मी’ मात्र ‘मी’च राहतो. हाच कर्तरी-कर्मणीचा भेद पुढे परीक्षेत आला की भल्याभल्यांची भंबेरी उडते!

मग चूक सुधारायची की नाही? रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी १९७० साली आईवडील आणि मुलांच्या बोलण्याचा अभ्यास मांडला. आईवडील बोट ठेवत होते ते गोष्ट खरी की खोटी यावर. वाक्य व्याकरणाला धरून आहे का, याकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. तरीही मुलं भाषा शिकली. ‘‘अगं बाई, मेलं का झुरळ? कुणी मारलं?’’ एवढं म्हटलं तरी पुरे. बरोबर रूप कानावर पडतं आणि गप्पाही तुटत नाहीत.

शाळेत मात्र आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो. ‘नामाबद्दल येणाऱ्या शब्दास सर्वनाम म्हणतात’ हे घोकून घेतो. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली मोठ्या मुलांच्या लेखनावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सुटं व्याकरण शिकवून लेखन सुधारत नाही, छोटी वाक्यं जोडून मोठी करायला शिकवलं की सुधारतं, असं त्यात दिसलं. त्याहून लहान, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलांना इंग्लंडमध्ये व्याकरणाचे खास पाठ देऊन पाहिले. त्यांचं गोष्टी लिहिणं त्यामुळे सुधारलं नाही, असं २०२२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांना आढळलं. व्याख्या निरुपयोगी असतात असं नाही. पण दुसरीतल्या पोराला त्यांची घाई कशाला?

त्यापेक्षा तीन वाक्यं द्यावीत. मांजर आलं. मांजर भुकेलं होतं. मांजराने दूध सांडलं. आता यांचं एक करा. कुणी म्हणेल, ‘भुकेलं मांजर आलं आणि त्याने दूध सांडलं.’ कुणी, ‘भुकेल्या मांजराने येऊन दूध सांडलं.’ इथे थांबावं आणि विचारावं, ‘भुकेलं’चं ‘भुकेल्या’ कशाने झालं? मुलं वाक्य उलटसुलट करून बघतात आणि ‘ने’ला पकडतात. विशेषण हे नाव नंतर सांगितलं तरी चालतं.

हे सगळं मराठी घरात वाढलेल्या मुलाचं. मेळघाटातल्या कोरकू मुलाची गोष्ट वेगळी. त्याची भाषा मराठीहून वेगळ्या, मुंडा भाषाकुळातली. तिथे नामांची विभागणी सजीव-निर्जीव अशी. दगड पुल्लिंगी, वीट स्त्रीलिंगी आणि झाड नपुंसकलिंगी, हा मराठीचा कारभार त्याला सर्वस्वी नवा. तो ‘ती दगड’ म्हणाला, तर लिंगाची व्याख्या सांगून त्याला काही मिळणार नाही. त्याच्याशी आधी मराठीत भरपूर बोललं पाहिजे, गोष्टी-गाणी झाली पाहिजेत, आणि त्याच्या कोरकूलाही वर्गात जागा हवी. फळ्यावर नुसतं ‘दगड’ लिहू नये. तो दगड, मोठा दगड, माझा दगड; ती वीट, मोठी वीट, माझी वीट, अशी जोडीजोडीनेच नामं त्याच्या कानावर जावीत.