लोकेशनवरचं पोर्ट्रेट म्हणजे जागेचं पोर्ट्रेट नव्हे

लोकेशनवरचं पोर्ट्रेट सगळ्यांना ठाऊक आहे. रंकाळ्याच्या काठावर माणूस उभा करायचा, उतरतं ऊन गाठायचं, फोटो काढायचा. त्यात वाईट काही नाही. पण त्यालाच ‘एन्व्हायर्नमेंटल पोर्ट्रेट’, म्हणजे माणूस आणि त्याची जागा यांचं नातं सांगणारं पोर्ट्रेट, म्हणून खपवलेलं पाहिलं की माझा संताप होतो.

लेन्स-बिन्स हा किरकोळ भाग. एन्व्हायर्नमेंटल पोर्ट्रेटला ३५ एमएम बरी, अ‍ॅपर्चर एफ/५.६ किंवा एफ/८, म्हणजे मागचंही ओळखू येतं. एफ/१.४ ठेवून मागचं सगळं विरघळवायचंच असेल, तर जागा शोधत गावभर हिंडायचं कशाला?

खरी गफलत पुढे आहे. जागा माणसाच्या मागे असणं आणि जागा माणसाच्या अंगावर असणं, हे आपण एकच धरतो. रंकाळ्यावरचा तो माणूस उचलून पन्हाळ्यावर उभा केला तरी फोटोचं काही बिघडत नाही. तालमीतल्या पैलवानाचं तसं नाही. मोडलेले कान, भरलेली मान, हळद-ताक-तेल घालून मळलेली लाल माती पाठीला चिकटलेली. त्याच्यामागे पांढरी भिंत असली तरी हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, दिसतोच.

अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड अ‍ॅव्हेडननं १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात नेमकं हेच केलं. मागे ना डोंगर, ना रस्ता. नुसता पांढरा कागद, तोही सावलीत लावलेला. तरी खाणकामगाराच्या तोंडावरची कोळशाची काजळी आणि तेलविहिरीवरच्या माणसाचे माखलेले कपडे पाहून मुलूख कळतो. त्यानं आपल्याला हवी तेवढीच माणसं वेचली, हा आक्षेप तेव्हाही झाला होता आणि मला तो पटतो. पण कागद पांढरा म्हणून जागा हरवली, असं कुणाला म्हणता येणार नाही.

उलट बाजूला फोटोग्राफर अरनॉल्ड न्यूमननं १९४६ मध्ये काढलेला संगीतकार स्ट्राविन्स्कीचा फोटो. कोपऱ्यात स्ट्राविन्स्की, बाकी चौकटभर ग्रँड पियानोचं काळं झाकण. एन्व्हायर्नमेंटल पोर्ट्रेट शिकवताना हाच फोटो पुढे करतात, आणि तो काढला होता एका संपादकाच्या घरी! घर परकं, पियानोही परका, तरी फोटो खरा. कारण पियानोशी त्या माणसाचं नातं आयुष्यभराचं. पत्ता कुणाचा, याला तिथे काही महत्त्व नाही.

म्हणून फोटो तपासताना मागचं हातानं झाका आणि उरलेला माणूस कुठला वाटतो ते बघा. तालमीत गेलात तर मेहनत संपेपर्यंत थांबा, आणि कॅमेरा पाहून पैलवान माती झटकायला लागला तर त्याला तेवढं झटकू देऊ नका.