चालता चालता मशीन का बंद पडतं?

देवबागला माझ्या मामाची फायबरची छोटी होडी आहे, मागे जुनं 8 एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगायचं मशीन. गेल्या दिवाळीत कर्लीच्या खाडीतून निघालो, सात-आठ मिनिटं मशीन एकदम मस्त, आणि बरोब्बर संगमाजवळ, जिथे लाटा फुटतात तिथेच, आवाज खाली बसत गेला, फट्‌ फट्‌ करत बंद. दोरी खेचून खेचून माझा खांदा निखळायचा बाकी होता. मामाने आधी नांगर टाकला आणि मग शांतपणे विचारलं, "टाकीचो स्क्रू सोडलंस काय रे?"

नव्हता सोडला.

गोडेतेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला आई एका कोपऱ्यात भोक पाडते आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरं, बघितलंय ना? एकच पाडलं तर तेल गटक गटक करत अडतं, कारण बाहेर गेलेल्या तेलाच्या जागी हवा आत यायला वाटच नसते. टाकीच्या झाकणावरचा स्क्रू म्हणजे हेच दुसरं भोक. असं मशीन फुल थ्रॉटलला तासाला साधारण 4 लिटर पेट्रोल पितं, म्हणजे सात-आठ मिनिटांत अर्धा लिटर. टाकी गळ्यापर्यंत भरलेली, वर हवेला जागा समजा 1 लिटर, तर तेवढीच हवा आता दीड लिटरमध्ये पसरते आणि तिचा दाब दोन तृतीयांशावर येतो (पेट्रोलची वाफ थोडी भर घालते, पण पुरत नाही). मशीनचा फ्युएल पंप म्हणजे पिस्टनखालच्या दाबाच्या धक्क्यांवर हलणारा एक पातळ पडदा, त्याची ओढ ती किती! म्हणजे टाकी जितकी भरलेली तितकं मशीन लवकर बंद, सगळं उलटंच.

स्क्रू उघडा असूनही असंच होत असेल तर टाकीपासून मशीनपर्यंतच्या पाइपमधला रबरी बल्ब बघायचा, जो हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलतात. मशीन मरायला लागलं की बल्ब दाबत राहा, जीव आला तर पेट्रोल पोचत नाहीये हे नक्की. बल्ब चपटा पडला असेल तर अडथळा बल्ब आणि टाकीच्या मध्ये, बहुतेक टाकीतली जाळी नाहीतर जुना पाइप. पाइपचं आतलं अस्तर सुटतं आणि ओढ लागली की पडद्यासारखं आडवं येतं, बाहेरून पाइप धडधाकट दिसतो, त्यामुळे माणूस उगाच कार्बोरेटर खोलत बसतो.

आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत टाकीत राहिलेलं पेट्रोल वापरूच नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी धरतं, पाणी जास्त झालं की दोघं मिळून वेगळे होऊन तळाला बसतात, आणि टाकीची नळी नेमकी तळातूनच ओढते.

मामाच्या मशीनचं दुसरं दुखणं मात्र वेगळं निघालं. स्क्रू सोडला, बल्ब टणक, तरी अर्ध्या तासाने बटण दाबल्यासारखं खटकन बंद, खोकणं नाही काही नाही. वीस मिनिटं थांबलं की परत पहिल्या ओढीत चालू. मशीन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची पिचकारी चांगली जोरात होती, म्हणजे मशीन तापून अडकत नव्हतं. ही इग्निशन कॉइल. आतली केसासारखी तांब्याची तार कुठेतरी तडकलेली असते, थंड असताना टोकं टेकलेली, तापली की सगळं प्रसरण पावतं आणि टोकं सुटतात, स्पार्क गेला. मेकॅनिककडे नेईपर्यंत मशीन थंड होतं, तो प्लग काढून निळा स्पार्क दाखवतो आणि आपल्यालाच वेड्यात काढतो, आमच्याबरोबर दोनदा झालं. बंद पडल्या पडल्या तिथेच बघायला हवं, फक्त आधी सांडलेलं पेट्रोल पुसून, वाफ उडून जाऊ देऊन.

नवी कॉइल बसवली. जुनी मामाने अजून डब्यात जपून ठेवल्येय, "थंड असताना चलता मां" म्हणे.