आयपी ६८ आणि ‘वॉटरप्रूफ’ फोनची पार्श्वभूमी

बडोद्यात ‘वॉटरप्रूफ’ फोनचा विषय पूर आला की निघतोच. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ २० इंच पाऊस पडला, मग ऑगस्ट २०२४ मधे विश्वामित्री नदी धोक्याची खूण मागे टाकून ३५ फुटांच्याही वर गेली, आणि दोन्ही वेळेला पाणी उतरल्यावर मोबाइल रिपेअरिंगच्या काउंटरवर तीच रांग आणि तेच वाक्य, "अहो पण हा तर वॉटरप्रूफ आहे!"

तसे पाणी सोसणारे फोन जपानमधे २००० सालीच निघाले होते, पण ते जाडजूड ठोकळे. खरी चढाओढ २०१३ नंतरची. एका जपानी कंपनीने काचेचा, सपाट, देखणा फोन काढला आणि जाहिरातीत सरळ पाण्यात दाखवला. त्याच्या चार्जिंगच्या आणि सिमच्या खाचेवर झाकणं होती, एक जरी नीट दाबलं गेलं नाही तर खेळ खलास. पुढे २०१६ पर्यंत बड्या कंपन्यांच्या महाग फोनवरची ही झाकणं गेली, आत गोंदाची सील आली, स्पीकरच्या जाळीमागे हवा सोडणारा पण पाणी अडवणारा पातळ पडदा आला, आणि खोक्यावर आला आयपी ६८.

सगळा घोळ या आकड्याचा आहे. आयपी हे मानक मुळात फोनसाठी नव्हतंच, ते १९७६ चं, विजेच्या उपकरणांच्या पेट्यांसाठी. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ७ म्हंजे १ मीटर खोल, ३० मिनिटं. ८ म्हंजे त्याहून कडक, पण किती कडक ते कंपनीनेच ठरवायचं, त्यामुळे ६८ लिहिलेला एक फोन दीड मीटरचा असतो आणि ६८ लिहिलेलाच दुसरा ६ मीटरचा, आणि गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच वाटतात. परत ही टेस्ट लॅबमधल्या गोड्या, शांत पाण्यातली, नव्या कोऱ्या फोनवरची. अजून एक गंमत, हा जिना नाहीये! ७ पास झाला म्हणून ५ किंवा ६, म्हंजे जोराची धार, पास झाला असं होत नाही, म्हणून तर त्या २०१३ च्या फोनवर ५५ आणि ५७ असे दोन-दोन आकडे होते. बादलीत पडून वाचलेला फोन नळाखाली धुताना जाऊ शकतो तो असा.

‘वॉटरप्रूफ’ हा शब्द कंपन्या छापताना जपून वापरतात, त्यांचा शब्द ‘वॉटर रेझिस्टंट’. पण चित्रं? पोरं स्विमिंग पूलमधे, फोन समुद्रात. २०१५ मधे त्याच जपानी कंपनीने हळूच सांगायला सुरुवात केली की फोन पाण्याखाली वापरू नका. २०२० मधे इटलीत एका अमेरिकन कंपनीला १ कोटी युरोचा दंड झाला, कारण जाहिरातीत खोली सांगितली, अटी नीट सांगितल्या नाहीत आणि पाणी गेलं तर वॉरंटी नाही. २०२२ मधे ऑस्ट्रेलियात एका कोरियन कंपनीला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर, तिथे मुद्दा होता की पूल किंवा समुद्रातनं काढून फोन ओला असतानाच चार्जिंगला लावला तर पोर्ट गंजतो. मला विचाराल तर दोन्ही दंड कमीच झाले.

माझाही एक गेलाय. दुकानातल्या पोराने सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारला, पाणी लागलं की रंग बदलणारं, एरवी पांढरं असायला हवं ते इवलंसं स्टिकर लालभडक. "जुओ बेन, लाल थई गयुं." आदल्या वर्षी मीच बाहेरून स्क्रीन बदलून घेतली होती, फोन एकदा उघडला की कारखान्यातली सील गेलीच, खोक्यावरचा आकडा मग शोभेला. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

आणि समजा फोन जगला, तरी पाण्याखाली रिंग येत नाही. रेडिओ लहरी पाण्यात विरतात, खाऱ्या पाण्यात तर फारच, ब्लूटूथ-वायफाय काही सेंटिमीटरमधेच संपतं. टच स्क्रीनला पाणीच बोट वाटतं, म्हणून फोटो व्हॉल्यूमच्या बटणाने काढायचे. पाण्यात चालतो तो आवाज, सेकंदाला सुमारे १५०० मीटर, हवेच्या चौपटीहून जास्त. २०२२ मधे अमेरिकेतल्या एका विद्यापीठात फोनचाच स्पीकर आणि माइक वापरून पाण्याखाली ठरावीक निरोप धाडणारं ॲप केलं, साधारण ३० मीटरपर्यंत, आणि त्यातले २४० निरोप निवडले होते ते डायव्हरांच्या हाताच्या खुणांवरनंच.

कारण खाली अजून खुणाच चालतात. तारकर्लीला डाइव्हच्या आधी त्या शिकवतात: बोटांचा गोल म्हंजे ठीक, अंगठा वर म्हंजे वर चला. आमच्या यांनी खाली गेल्या गेल्या खुशीत अंगठा दाखवला आणि तिथल्या पोराने गुपचूप यांना वर आणलं.