लग्नाची डीव्हीडी नेमकी पाठवणीलाच का अडकते?

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सीमांतपूजन नीट दिसतं, मंगलाष्टका होतात, पंगती उठतात, आणि पाठवणीला चित्र थिजतं. पडद्यावर चौकोन चौकोन दिसतात, सनई तुटक वाजते. “प्लेअर बिघडलाय का बघा हो,” म्हणत डिस्क घेऊन येणारं कुणी ना कुणी आमच्या चिपळूणच्या दुकानात दर आठवड्याला असतंच. प्लेअर बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

डीव्हीडीवर माहिती मधल्या भोकाकडून कडेकडे लिहिली जाते. त्यामुळे डिस्क भरलेली असेल, तर लग्नाचा शेवट अगदी कडेला येतो. बोटं लागतात ती कडेला, डिस्क किंचित वाकली की त्याचा त्रास जास्त होतो तोही कडेलाच. शिवाय डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. चिकटवणूक कुठे सैल असली, तर दमट हवा कडेनेच आत शिरते. कोकणातल्या पावसाळ्याबद्दल आम्ही वेगळं काय सांगणार!

आता डिस्क उलटी करून उजेडात धरा. विकत आणलेल्या सिनेमाची डीव्हीडी बहुधा चंदेरी असते, कारण कारखान्यात तिच्यावर माहितीचे खळगे साच्याने दाबलेले असतात. घरी किंवा स्टुडिओत राइट केलेली डिस्क बहुधा जांभळट दिसते. तो रंग म्हणजे आतला सेंद्रिय रंगद्रव्याचा थर. राइट करताना लेसरच्या उष्णतेने त्या थरात खुणा उमटतात, तीच तुमची मुंज, तेच बारसं. ऊन, उष्णता आणि वर्षं यांनी हा थर बदलत जातो. खुणा पुसट झाल्या की लेसरला त्या वाचता येत नाहीत. वारंवार पुसून लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कमध्ये रंगद्रव्याऐवजी मिश्रधातूचा थर असतो. कायम जपून ठेवायच्या गोष्टीसाठी आम्ही ती कधीच सुचवत नाही.

“पंधरा वर्षं छान चालली, परवाच अचानक बंद पडली,” असं ग्राहक सांगतात. अचानक काही नसतं. डीव्हीडीवर मूळ माहितीबरोबर चुका दुरुस्त करायची जादा माहितीही लिहिलेली असते. पाटीवरचं एखादं अक्षर पुसलं गेलं तरी आपण शब्द ओळखतो, तसा प्लेअर गाळलेल्या जागा भरून घेतो. तुम्हाला चित्र स्वच्छच दिसतं. चुका वाढत वाढत मर्यादेपलीकडे गेल्या, की पहिल्यांदा चौकोन दिसतात. म्हणून टीव्हीवर लावून “चालते की!” म्हणण्यावर आमचा फारसा भरवसा नाही. संगणकावर पूर्ण डिस्क कॉपी करून बघा. एखाद्या टप्प्यावर वेग मंदावला, ड्राइव्ह घरघरायला लागला, तर तिथे दुखणं सुरू झालंय असं समजा.

मग डिस्क टिकते किती? काही कंपन्यांनी ५० ते १०० वर्षांचे दावे केले होते. ते गरम, दमट पेटीत डिस्क थोडा काळ ठेवून, ती किती लवकर खराब होते त्यावरून काढलेले अंदाज. घरात मात्र एकाच दिवशी राइट केलेल्या दोन डिस्कपैकी एक धड आणि एक मेलेली, हे आम्ही बघतो. डिस्क कोणत्या प्रतीची होती, कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या वेगाने राइट केली, नंतर कुठे पडून होती, सगळं त्यात येतं. एका डब्यात पन्नास येणाऱ्या स्वस्त डिस्क त्या काळी आम्हीही वापरल्या. ते कबूल करायला हवं.

२२ जुलै २०२१च्या पुरानंतर गाळाने माखलेल्या डिस्कची पोतीच दुकानात आली होती. साध्या पाण्याने धुऊन, मऊ कापडाने टिपून त्यातल्या बऱ्याचशा वाचल्या. ज्यांनी त्या आठवडाभर गच्चीवर पापडांसारख्या उन्हात वाळत घातल्या, त्यांच्या डिस्कनी जास्त दगा दिला. तेव्हा डिस्क भिजली तर घाबरू नका, सावलीत वाळवा. पुसताना गोल गोल फिरवू नका, मधून कडेकडे सरळ पुसा. टूथपेस्टने वरचा बारीक चरा कधीकधी जातो, पण आतला थर गेला असेल तर कुठलंच पॉलिश पुरं पडत नाही.

ठेवायची ती कडक डबीत, उभी, अंधारात. प्लास्टिकच्या पाकिटात घालून शालूच्या घडीत नको, वजनाखाली आणि उकाड्यात पाकीट डिस्कला चिकटून बसतं. डबीतून काढताना मधली कळ दाबा, डिस्क वाकवून ओढू नका. वर कागदी स्टिकर लावू नका, असलाच तर सोलायला जाऊ नका. जुन्या व्हीसीडी मात्र उलट्या स्वभावाच्या: त्यांचा माहितीचा थर नावाच्या बाजूला, पातळ लाखेखालीच असतो. तिथे बॉलपेनने नाव लिहिलं की संपलं.

हँडीकॅमच्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क असतील, तर हँडीकॅमही सोबत आणा. बऱ्याच जणांनी रेकॉर्डिंगनंतर ‘फायनलाइज’ केलेलं नसतं, म्हणजे डिस्क इतर प्लेअरना वाचता येईल अशी पक्की केलेली नसते, म्हणून ती डिस्क दुसऱ्या प्लेअरला कोरी वाटते. कोरी समजून फेकू नका. आणि गाडीच्या स्टीरिओसारख्या फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती घालू नका, आतच अडकते.

तुमच्या डिस्क चालत असतील, तर आमच्याकडे यायचीही गरज नाही. यूएसबीला लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. डिस्कमधला ‘व्हिडिओ टीएस’ हा फोल्डर जसाच्या तसा हार्डडिस्कवर घ्या. साध्या, एका थराच्या डिस्कला फार तर ४.७ जीबी, म्हणजे तीस डिस्कना साधारण १४० जीबी. मोबाइलसाठी एमपी४ नंतर करा, पण मूळ फोल्डर पुसू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत ही प्रत नव्हे. दुसरी हार्डडिस्क पुण्या-मुंबईच्या मुलाकडे ठेवा, दोन्ही एकाच कपाटात नकोत. पेनड्राइव्ह नेण्या-आणण्यापुरता ठीक.

अडकणारी डिस्क मात्र घरी पुन्हा पुन्हा लावू नका. आम्ही ती वेगवेगळ्या ड्राइव्हवर वाचून बघतो, एकाला न दिसणारा भाग दुसऱ्याला दिसतो. त्याला अख्खी रात्रही लागू शकते. जेवढं निघेल तेवढं आधी दाखवतो, काहीच निघालं नाही तर पैसे घेत नाही. विकतच्या सिनेमांच्या प्रती काढून देत नाही. येताना डिस्कवर काय आहे ते चिठ्ठीवर लिहून आणा, कारण बाहेर ‘ताईचं लग्न’ लिहिलेल्या डिस्कमध्ये सत्यनारायण निघाल्याचं आम्ही बरेचदा पाहिलंय.