नोंदवहीत न चढलेली नावे : कलासंग्रहालये आणि स्त्री कलावंत

अमेरिकेतील २६ मोठ्या कलासंग्रहालयांनी २००८ ते २०१८ या काळात विकत घेऊन किंवा देणगी म्हणून स्वीकारून ज्या कलाकृती आपल्या कायमस्वरूपी संग्रहात दाखल केल्या, त्यांपैकी स्त्रियांनी निर्माण केलेल्या कलाकृती अवघ्या ११ टक्के होत्या. त्यांनी भरवलेल्या प्रदर्शनांत हा वाटा १४ टक्के होता. शार्लट बर्न्स आणि ज्युलिया हॅल्परिन या पत्रकारांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पाहणीत त्याहून बोचणारी एक गोष्ट होती. स्त्रियांच्या कलाकृती दाखल होण्याचे प्रमाण त्या दशकात वाढत गेले नव्हते. २००९ मध्येच ते सर्वाधिक होते आणि पुढे घसरले. परिस्थिती आता बदलली आहे, असे कलाजगतात सगळीकडे बोलले जात असतानाचे हे आकडे आहेत. या विसंगतीची मुळे शोधायची तर सार्वजनिक संग्रहालय ही संस्था जन्माला येण्याच्याही आधीच्या काळात जावे लागते.

पूर्वी स्त्रिया चित्रे काढतच नव्हत्या, मग संग्रहालयात येणार कुठून, हा युक्तिवाद सर्वांत सोपा आणि सर्वांत जुना आहे; परंतु उपलब्ध कागदपत्रांपुढे तो टिकत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने चित्रकारांची माहिती देताना अनेक स्त्रियांची नावे नोंदवली आहेत. त्यांपैकी कुझिकोस येथील इआया हिला समकालीन नामवंत पुरुष व्यक्तिचित्रकारांपेक्षा अधिक मोबदला मिळत असे, असेही तो सांगतो. इटालियन कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या जॉर्जो वासारीच्या १५५० च्या पहिल्या आवृत्तीत बोलोन्याची शिल्पकर्ती प्रॉपर्त्सिया दे रोस्सी आहे, आणि १५६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत फ्लॉरेन्समधील जोगीण प्लाउतिल्ला नेल्ली हिचा उल्लेख आहे. नेल्लीविषयी वासारीने लिहिलेला अभिप्राय आजही वाचण्यासारखा आहे. पुरुषांप्रमाणे तिलाही शिकण्याची आणि जिवंत माणसे समोर ठेवून रेखाटन करण्याची संधी मिळाली असती, तर तिने अद्भुत काम केले असते, असे तो म्हणतो. म्हणजे दोष प्रतिभेचा नसून संधीचा आहे, हे साडेचारशे वर्षांपूर्वीच एका पुरुष लेखकाने लिहून ठेवले होते. नेल्लीने रंगवलेले येशूच्या अखेरच्या भोजनाचे सुमारे सात मीटर रुंदीचे चित्र मात्र लोकांसमोर संग्रहालयात मांडले जाण्यासाठी २०१९ साल उजाडावे लागले.

वासारीने ज्या संधीचा उल्लेख केला, तिच्याभोवतीच पुढची तीनशे वर्षे सगळी व्यवस्था उभी राहिली. सतराव्या शतकापासून युरोपात कलाशिक्षणाचा आणि कलेच्या प्रतिष्ठेचा कारभार अकादम्यांच्या हाती गेला. पॅरिसची शाही कला अकादमी १६४८ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्या वर्तुळातील आंद्रे फेलिबियां याने १६६७ मध्ये चित्रप्रकारांची उतरंड मांडली : सर्वांत वर इतिहास, पुराण व धर्मकथांमधील प्रसंगचित्रे, त्याखाली व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे, आणि अगदी तळाशी फळाफुलांची स्थिरचित्रे. वरच्या पायरीवरील चित्र रंगवायचे तर मानवी देहरचनेचा अभ्यास अनिवार्य होता. तो अभ्यास विवस्त्र मॉडेलसमोर बसून करावा लागे, आणि त्या वर्गाचे दार स्त्रियांना बंद होते. स्त्रियांनी फुले, फळे आणि मुलांची व्यक्तिचित्रे रंगवली ती त्यांची स्वाभाविक ओढ म्हणून, असे पुढे कितीतरी लिहिले गेले. प्रत्यक्षात शिकण्याचे जेवढे मार्ग मोकळे होते, तेवढ्यांतून त्या वाट काढत होत्या. म्हणूनच या काळात नाव मिळवलेल्या स्त्रियांपैकी आर्तेमिसिया जेंतिलेस्की, लाविनिया फोंताना, अँजेलिका कॉफमन अशा कितीतरी जणी चित्रकारांच्या मुली होत्या. त्यांना घरातच कार्यशाळा आणि घरातच गुरू मिळाला.

ज्यांना प्रवेश मिळाला, त्यांच्याही वाट्याला काय आले, हे एका चित्रात नेमके दिसते. लंडनची रॉयल अकादमी १७६८ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापक सदस्यांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी होत्या. योहान झोफनीने १७७१-७२ मध्ये या सदस्यांचे समूहचित्र रंगवले. त्यात पुरुष सदस्य विवस्त्र मॉडेलभोवती जमलेले आहेत आणि या दोघी मात्र खोलीत नाहीत. मागच्या भिंतीवर टांगलेल्या व्यक्तिचित्रांच्या रूपाने त्या ‘हजर’ आहेत. संस्थापक असूनही त्यांना अभ्यासवर्गात बसलेले दाखवता येत नव्हते. त्यांच्यानंतर रॉयल अकादमीने पूर्ण सदस्य म्हणून निवडलेली पुढची स्त्री लॉरा नाइट, आणि ते वर्ष होते १९३६. अकादमीच्या विद्यालयात पहिली मुलगी दाखल झाली ती १८६० मध्ये, तीही लॉरा हरफर्ड हिने पूर्ण नावाऐवजी केवळ आद्याक्षरे लिहून रेखाटने पाठवली म्हणून. पॅरिसच्या अकादमीने १७७० मध्ये स्त्री सदस्यांची संख्या चारवर गोठवली. १७८३ मध्ये एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ आणि आदेलाइद लाबिय-गियार या दोघी एकाच दिवशी निवडल्या गेल्या आणि ती मर्यादा भरली. फ्रान्सच्या सरकारी कलाविद्यालयाने मुलींना प्रवेश दिला तो थेट १८९७ मध्ये. तोवर पॅरिसमध्ये शिकू पाहणाऱ्या मुली खासगी कलाशाळांत मुलांपेक्षा जास्त शुल्क भरून शिकत होत्या.

लूव्र १७९३ मध्ये, प्रादो १८१९ मध्ये आणि लंडनची नॅशनल गॅलरी १८२४ मध्ये सुरू झाली, ती ही उतरंड वारशात घेऊनच. अकादमीने ज्याला थोर म्हटले ते मुख्य दालनात आणि ज्याला गौण म्हटले ते बाजूच्या खोलीत किंवा कोठारात, असा हा हिशेब होता. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आपल्या सर्वांत मानाच्या दालनात पहिल्यांदा तीन स्त्रियांची चित्रे लावली, तेव्हा २०२१ साल होते. त्या तिघींपैकी एक होती रॅकेल राउश. दहा मुलांची आई असलेली ही फुलांची चित्रकर्ती ऐंशी वर्षे उलटल्यावरही रंगवत होती आणि हयातीतच तिची कीर्ती युरोपभर पसरलेली होती.

त्या तिघींपैकी दुसरी होती युडिथ लायस्टर, आणि तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. कारण शिक्षण आणि प्रवेश यांखेरीज श्रेयाचा जो तिसरा अडसर होता, तो तिच्या कहाणीत सर्वांत स्पष्ट दिसतो. लायस्टर १६३३ मध्ये नेदरलँड्समधील हार्लेमच्या चित्रकारांच्या व्यावसायिक संघाची सदस्य होती. तिची स्वतःची कार्यशाळा होती, पुरुष शिष्य होते. आपला एक शिष्य विख्यात डच चित्रकार फ्रान्स हालसच्या कार्यशाळेत गेला, म्हणून तिने संघाकडे तक्रारही केली होती. सही म्हणून ती आद्याक्षरांना जोडून एक तारा काढी, कारण तिच्या आडनावाचा अर्थच ध्रुवतारा असा होतो. तिने चित्रकार यान मोलेनार याच्याशी लग्न केले. त्याच्या मृत्यूनंतर झालेल्या मालमत्तेच्या यादीत तिची काही चित्रे ‘मृताच्या पत्नीची’ एवढ्याच नोंदीने आली. पुढची दोनशे वर्षे तिची चित्रे हालसची किंवा नवऱ्याची म्हणून खपली. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला हालसच्या नावाने विकल्या गेलेल्या एका चित्रावरून लंडनमध्ये खटला उभा राहिला, आणि हालसच्या खोट्या सहीखाली लायस्टरची अक्षरे व तारा सापडला. १८९३ मध्ये हॉफस्टेडे द ग्रोट या अभ्यासकाने सात चित्रे तिची असल्याचे दाखवून दिले. न्यायालयातील वादाचा शेवट मात्र चित्राची किंमत कमी करून झाला. रंग तेच होते, फलक तोच होता. बदलले होते ते फक्त नाव.

हा एकटीचा अपघात नव्हता. सोफोनिस्बा अँग्विसोला १५५९ मध्ये स्पेनच्या दरबारात गेली, ती कागदोपत्री राणीची सहचरी म्हणून. तिचे वेतन सहचरीचे होते आणि चित्रांचा मोबदला भेटवस्तूंच्या रूपाने मिळे. परिणामी दरबारी हिशेबात चित्रकार म्हणून तिच्या नावावर रकमा पडल्या नाहीत, आणि दुसऱ्या फेलिपे राजाचे तिने काढलेले व्यक्तिचित्र प्रादोमध्ये दीर्घकाळ पुरुष दरबारी चित्रकाराच्या नावे लागले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला १९१७ मध्ये मिळालेले, खिडकीपाशी रेखाटन करणाऱ्या तरुणीचे १८०१ मधील चित्र प्रख्यात फ्रेंच चित्रकार झाक-लुई दाविदचे म्हणून गाजले. ते दाविदचे नसून कदाचित एका स्त्रीचे असावे, असे १९५१ मध्ये पुढे आले, तेव्हा त्याच चित्रात अभ्यासकांना उणिवा दिसू लागल्या. आज ते मारी-दनीज व्हिलेर हिचे मानले जाते. आपण चित्राकडे पाहतो असे समजतो, पण पुष्कळदा आधी पाटीकडे पाहतो, आणि पाटी लिहिणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते ती यामुळेच.

हा इतिहास अंधारातून उजेडाकडे सरळ चढत गेलेला नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकातील स्त्रिया सरकारी प्रदर्शनांत मोठ्या संख्येने चित्रे मांडत, विकत, पदके मिळवत. रोझा बोनर हिला १८६५ मध्ये फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान मिळाला होता. तरीही दृक्‌प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकारांच्या आठपैकी सात प्रदर्शनांत सहभागी झालेल्या बेर्थ मोरिसोच्या १८९५ मधील मृत्यूच्या दाखल्यावर ‘व्यवसाय नाही’ असे लिहिले गेले. विसाव्या शतकाने तर या नावांवर अधिकच घट्ट पडदा टाकला, असे माझे मत आहे. कारण आता कलेचा इतिहास पाठ्यपुस्तकांतून शिकवला जाऊ लागला होता. गोम्ब्रिचच्या १९५० मधील आणि जॅन्सनच्या १९६२ मधील, जगभर वाचल्या गेलेल्या इतिहासग्रंथांच्या पहिल्या आवृत्त्यांत एकही स्त्री कलावंत नव्हती. संग्रहालयांचे भावी अभिरक्षक याच पुस्तकांवर वाढले. आधुनिकतेचे माहेरघर मानल्या गेलेल्या जर्मनीच्या बाउहाउस या कलाविद्यालयातही मुलींना बहुधा विणकामाच्या विभागात पाठवले जाई, आणि विणलेले ते कारागिरी, रंगवलेले ते कला, ही जुनी उतरंड नव्या रूपात कायम राहिली. तिथेच घडलेल्या अ‍ॅनी अल्बर्सचे १९४९ मधील प्रदर्शन हे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने वस्त्रकलावंताचे भरवलेले पहिले एकल प्रदर्शन होते.

चित्र पालटू लागले ते मोजणीमुळे. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या १९६९ च्या वार्षिक प्रदर्शनात १४३ कलावंतांपैकी स्त्रिया फक्त आठ होत्या. हा आकडा हाती घेऊन १९७० मध्ये स्त्री कलावंतांनी संग्रहालयासमोर निदर्शने केली, निम्म्या जागा मागितल्या, आणि त्या वर्षीच्या प्रदर्शनात स्त्रियांचा वाटा सुमारे २० टक्क्यांपर्यंत गेला. एका वर्षात स्त्रियांची प्रतिभा चौपटीने वाढलेली नसते. निवडणाऱ्यांनी कुठे शोधायचे, तेवढे बदलले होते. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९७१ मध्ये, लिंडा नॉकलिन यांनी ‘थोर स्त्री कलावंत का झाल्या नाहीत?’ या प्रश्नावर लिहिलेल्या निबंधात हा प्रश्नच तपासून पाहिला. विसरलेली नावे शोधून यादी वाढवणे पुरेसे नाही, थोरपण घडवणाऱ्या संस्थाच पाहायला हव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. याच नॉकलिन यांनी अ‍ॅन सदरलँड हॅरिस यांच्यासह १९७६ मध्ये लॉस एंजेलिस येथे १५५० ते १९५० या चार शतकांतील स्त्री चित्रकारांचे प्रदर्शन उभे केले. पुढे १९८५ मध्ये गोरिलाचे मुखवटे घालून वावरणाऱ्या ‘गेरिला गर्ल्स’ या गटाने मोजणीलाच आपले हत्यार केले. त्यांच्या १९८९ च्या पोस्टरनुसार मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या आधुनिक विभागातील कलावंतांमध्ये स्त्रिया पाच टक्क्यांहून कमी होत्या, तर नग्नचित्रांपैकी ८५ टक्के स्त्रियांची होती. त्यांनी २०१२ मध्ये पुन्हा मोजले, तेव्हा कलावंत स्त्रिया चार टक्के निघाल्या.

त्यानंतर मोठे प्रयत्न झाले, हे खरे आहे. वॉशिंग्टनमध्ये १९८७ मध्ये केवळ स्त्री कलावंतांचे संग्रहालय उघडले. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने २००९ मध्ये आपल्या कायमस्वरूपी संग्रहाच्या मांडणीत फक्त स्त्रियांच्या कलाकृती लावल्या. प्रादोने २०१६ मध्ये क्लारा पीटर्सचे प्रदर्शन भरवले. स्थापनेपासून जवळपास दोनशे वर्षांत एका स्त्री चित्रकारासाठी भरवलेले ते पहिले प्रदर्शन होते. नॅशनल गॅलरीने २०१८ मध्ये आर्तेमिसियाचे आत्मचित्र ३६ लाख पौंडांना विकत घेतले. २,३०० हून अधिक चित्रांच्या तिथल्या संग्रहात स्त्रियांची चित्रे तेव्हा जेमतेम वीस-पंचवीस होती.

तरीही प्रदर्शन आणि संग्रह यांत फरक केलाच पाहिजे. प्रदर्शन काही महिन्यांनी उतरते; संग्रहाच्या नोंदवहीत चढलेली कलाकृती सांभाळली जाते, दुरुस्त होते, अभ्यासली जाते आणि पुढच्या पिढ्यांना दिसते. या नोंदवहीवर पैशाचे वजन आहे. संग्रहालयांत बरेच काही खासगी संग्राहकांच्या देणगीतून येते, आणि संग्राहक बाजारभाव पाहून विकत घेतात. लाखो लिलावांच्या नोंदी तपासणाऱ्या अर्थतज्ज्ञांना स्त्रियांच्या चित्रांना पुरुषांच्या चित्रांपेक्षा सरासरीने चाळीस टक्क्यांहूनही अधिक कमी किंमत मिळताना दिसली, आणि त्यांच्याच प्रयोगात केवळ चित्र पाहून ते स्त्रीचे की पुरुषाचे हे लोकांना ओळखता आले नाही. फ्रिडा काहलोचे एक आत्मचित्र नोव्हेंबर २०२५ मध्ये ५ कोटी ४७ लाख डॉलरना विकले गेले आणि तो स्त्री कलावंताच्या चित्रासाठी लिलावातील उच्चांक ठरला; लिओनार्दोच्या नावावर २०१७ मध्ये विकल्या गेलेल्या चित्राचा आकडा ४५ कोटी डॉलर होता.

बॉल्टिमोर कला संग्रहालयाने २०२० हे संपूर्ण वर्ष फक्त स्त्रियांच्याच कलाकृती खरेदी करण्याचे ठरवले, तेव्हा त्याच्या सुमारे ९५,००० कलाकृतींपैकी स्त्रियांच्या चार टक्के होत्या. समजा, एखाद्या वर्षात त्या संग्रहालयाने स्त्रियांच्या तब्बल एक हजार कलाकृती दाखल केल्या आणि पुरुषाची एकही घेतली नाही, तरी हे प्रमाण चारावरून पाच टक्क्यांवर जाते.